गळतंय का?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला दरवर्षी दोन वस्तू फुकट मिळतात. एक डायरी आणि एक कॅलेंडर. डायरीत आपण पहिले आठ दिवस मोठ्या निष्ठेनं घरखर्च लिहितो आणि नवव्या दिवसापासून ती मुलांना चित्रं काढायला देतो. कॅलेंडरचं मात्र तसं नाही. ते गावी न्यावंच लागतं. जेऊरला आमच्या घरातल्या भिंतीवर जानेवारीत बँकेचं कॅलेंडर दिसलं नाही, तर मुलाची नोकरी गेली असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

जेऊर म्हणजे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं आमचं गाव. वडील तिथंच रेल्वेत गँगमन होते. मी बी.कॉम. होऊन सोलापुरात बँकेत चिकटलो आणि शनिवार-रविवार जेऊरला जाऊन आईला तोंड दाखवतो. आई सोलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला येत नाही. एकदा आली होती. चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "दारात बसायची सोय न्हाई आन् घर कसलं रं ह्ये?" त्यानंतर तो विषय संपला.

तर एका वर्षी आमच्या बँकेनं देवांना सुट्टी दिली. कॅलेंडरवर ना गणपती, ना तुळजाभवानी. जगातल्या बारा विलक्षण आधुनिक इमारतींची बारा रंगीत चित्रं होती. आईनं चष्मा लावून एकेक पान उलटलं.

"तिथ्या हाईत का ह्यात?"

"आहेत."

"मग ऱ्हाऊ दे."

जानेवारीत सिडनीचं ऑपेरा हाउस होतं. समुद्रकाठी एकावर एक उभी केलेली पांढरी शिंपलं. आईनं ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गळतंय का?"

मी हसलो. जगभरचे लोक ज्या इमारतीपुढं उभं राहून फोटो काढतात, तिच्याबद्दल आमच्या मातोश्रींना पडलेला प्रश्न हा! पण ती हसली नाही. तिच्या दृष्टीनं इमारतीबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच होता. त्याला कारणही होतं.

आमचं घर माळवदाचं. आजोबांनी बांधलेलं, पाच खणांचं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात बाहेर त्रेचाळीस अंश तापत असलं तरी आत दुपारी झोप लागते. पण माळवद हे म्हाताऱ्या माणसासारखं असतं, त्याची दरवर्षी विचारपूस करावी लागते. वडील दर मे महिन्यात पांढऱ्या मातीच्या पाट्या वर चढवायचे, पसरायचे आणि धुम्मसानं चोपून काढायचे. वडील गेले आणि ती विचारपूस थांबली. तिसऱ्या पावसाळ्यात देवघरात धार लागली. तेव्हापासून आमच्या घरात छप्पर या विषयावर कोणी विनोद करत नाही.

मी सोलापूरला परतलो, पण आईचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. जन्मभर लेजर जुळवलेला माणूस मी. एखादी नोंद जुळली नाही की जेवण गोड लागत नाही. मी त्या बारा इमारतींची माहिती काढायला लागलो.

पहिली सिडनीच घेतली. १९५७ साली स्पर्धा होऊन डेन्मार्कच्या यॉर्न उट्झॉन या वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला. खर्चाचा अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. इमारत पुरी झाली १९७३ साली, ठरल्यापेक्षा दहा वर्षं उशिरा, आणि बिल आलं १० कोटी २० लाखांचं. आमच्या शाखेत असं एखादं खातं निघालं तर मॅनेजरसाहेब रजेवर जातील. तिथल्या सरकारनं मात्र लॉटरी काढून बहुतेक पैसा उभा केला. वाईट एवढंच, की सरकारशी खटके उडून उट्झॉन १९६६ सालीच काम सोडून निघून गेला आणि पुन्हा कधी सिडनीला फिरकला नाही. २००८ साली तो वारला. आपल्या हातची ती शिंपलं त्यानं पुरी झालेली कधी डोळ्यांनी पाहिलीच नाहीत. आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वास्तुशांतीला बी न्हाई बोलावलं व्हय त्याला?"

पण प्रश्न गळतीचा होता. आणि गळतीच्या मागं लागलो तेव्हा मला कळलं, की आधुनिक वास्तुकलेचा इतिहास बऱ्याच अंशी पातेली आणि बादल्या यांचाही इतिहास आहे.

पॅरिसजवळ प्वासी नावाच्या गावी ल कॉर्बुझिए यानं सावॉय कुटुंबासाठी एक बंगला बांधला. हाच माणूस पुढं आपल्या चंदीगडचा वास्तुकार झाला. बंगला १९३१ साली पुरा झाला. खाली बारीक खांब, वर पांढरी पेटी, त्यावर सपाट छप्पर. जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हा बंगला आजही शिकवतात. २०१६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण सावॉयबाईंची पत्रं वाचली तर ती एखाद्या भाडेकरूनं घरमालकाला लिहिलेली वाटतात. दिवाणखान्यात पाणी येतं, उतारावर पाणी येतं, गॅरेजची भिंत भिजली! प्रकरण कोर्टात जायच्या बेताला आलं होतं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तो विषय मागं पडला.

हे जुनं झालं म्हणावं, तर अमेरिकेत एमआयटी नावाची जगप्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्था आहे. तिनं फ्रँक गेरी या नामवंताकडून एक इमारत बांधून घेतली. भिंती एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, जणू लग्नाच्या वऱ्हाडानं रात्रभर जागरण केलंय. २००४ साली ती उघडली आणि २००७ साली संस्थेनं वास्तुकारावर दावा ठोकला. तक्रार काय? गळतंय! शिवाय भिंतींना तडे आणि बुरशी. २०१० साली आपसांत तडजोड झाली. जिथं जगातले एकाहून एक हुशार इंजिनिअर तयार होतात, तिथंही शेवटी आमच्या आईचाच प्रश्न विचारावा लागला.

पावसाचं हे झालं, तर उन्हाचं वेगळंच. लंडनमध्ये एक सदतीस मजली काचेची इमारत आहे. खाली अरुंद आणि वर रुंद, म्हणून लोक तिला वॉकीटॉकी म्हणतात. तिची दक्षिणेची बाजू आतल्या अंगाला वळलेली. २०१३ साली, बांधकाम पुरं होत आलेलं असताना, त्या काचेवरून ऊन असं एकवटून खाली पडायला लागलं, की रस्त्यात उभ्या केलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. लंडनचं ऊन ते! आमच्या मे महिन्यात ती इमारत जेऊरच्या स्टेशनसमोर उभी केली असती, तर रूळ वाकडे झाले असते आणि वडिलांच्या गँगला रात्रपाळी लागली असती. शेवटी मालकांनी काय केलं? बाहेरून झडपा लावल्या. म्हणजे कोट्यवधी पौंड खर्चून झाल्यावर त्यांना जे सुचलं, ते आमच्या गावातला चहावाला पहिल्याच दिवशी गोणपाट टांगून करतो.

कॅलेंडरच्या पुढच्या पानांवर नुसती मौज होती. अमेरिकेत ओहायो राज्यात एका टोपल्या विकणाऱ्या कंपनीनं १९९७ साली आपलं कार्यालय टोपलीच्या आकाराचं बांधलं. सात मजली टोपली, वर दोन मूठी. मुठींवर बर्फ साचू नये म्हणून त्या तापवण्याचीसुद्धा सोय होती. २०१६ साली कंपनी तिथून निघाली आणि दोन वर्षांत बंदच पडली. टोपली उरली, भाकरी संपली. तोक्योत १९७२ साली किशो कुरोकावा यानं १४० छोट्या पेट्या जोडून एक मनोरा उभारला. एकेक पेटी जेमतेम दहा चौरस मीटरची. पेट्या जुन्या झाल्या की काढून नव्या बसवायच्या अशी मूळ कल्पना होती. एकही पेटी बदलली गेली नाही आणि २०२२ साली अख्खा मनोराच पाडला. आणि परदेशाची नावं कशाला ठेवा? आपल्या हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची कचेरी आहे, ती २०१२ पासून चक्क माशाच्या आकाराची आहे. हे ऐकून आईनं विचारलं, "मग तुमची ब्यांक कशाच्या आकाराची करायची?" मी विषय बदलला.

लहर मात्र काही विसाव्या शतकातच निघाली असं नाही. आमच्या करमाळ्याचं कमलाभवानीचं देऊळ अठराव्या शतकातलं. बांधणाऱ्यानं ९६ आकड्याचा असा ध्यास घेतला, की ९६ खांब, ९६ ओवऱ्या आणि बारवेला ९६ पायऱ्या असं सगळे सांगतात. आकडा लहरी खरा, पण ओवरीत वाटसरूला सावली मिळते आणि पायऱ्यांनी पाण्यापर्यंत जाता येतं. लहरीला कुणाचं वावडं नसतं. ती कुणाच्या उपयोगी पडते का, एवढाच प्रश्न असतो.

हा सगळा इतिहास माझ्या डोक्यात भरत होता, त्याच सुमारास आमच्या घरी एक वेगळीच फाईल उघडली होती. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता हे माळवद पाडू. स्लॅब टाकू." मीही मान हलवली. गृहकर्जाचं टेबल माझ्याकडेच. दुसऱ्यांची घरं मी रोज मंजूर करतो, स्वतःचंच राहिलं होतं. मी अर्ज घेतला आणि 'बांधकामाचा प्रकार' या रकान्यापाशी अडलो. तिथं मातीच्या घराला एकच शब्द आहे: कच्चं. मूल्यांकन करणाऱ्यानं येऊन पाहणी केली. जागेची किंमत लिहिली आणि घरापुढं लिहिलं शून्य. ज्या घरात आजोबांपासूनची माणसं जन्मली, शिकली, लग्न होऊन गेली, काही गेली ती कायमची गेली, त्याची किंमत शून्य. अशी शून्यं मी दुसऱ्यांच्या कागदांवर शेकड्यांनी पाहिली होती आणि खाली सही केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा पेन थांबलं.

मग इंजिनिअरसाहेब आले. त्यांनी लॅपटॉपवर आमचं भावी घर दाखवलं. पुढं दोन गोल खांब, वर जहाजासारखा निघालेला सज्जा, निळी काच. कॅलेंडरवरच्या तेराव्या महिन्यासाठी चालण्यासारखं.

"ओसरी कुठं हाय?" आईनं विचारलं.

"आजी, तिथं पार्किंग येतंय."

"कुणाचं?"

आमच्याकडे एक मोटारसायकल आहे. ती भिंतीला टेकून उभी राहते. इंजिनिअर म्हणाले, ओसरी ठेवली तर एलिव्हेशन बिघडेल. आई उठून ओसरीत जाऊन बसली. बोलली काही नाही. पण आमच्या घरात ती बोलली नाही, की ठराव नामंजूर झाला असं समजायचं असतं.

त्या रात्री मला अचानक वडिलांची मुंबईची फेरी आठवली.

नोकरीला लागल्यावर माझी पहिली नेमणूक मुंबईत झाली होती. वडील डोळे दाखवायला आले होते. बसनं पेडर रोडवरून जाताना त्यांनी खिडकीतून वर बोट केलं आणि म्हणाले, "ती बघ, त्या बिल्डिंगीला ओसऱ्या हाईत." मी पाहिलं. एक उंच पांढरी इमारत, आणि तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत कोणी चाकूनं खाचा पाडाव्यात तशा दोन-दोन मजले उंच मोकळ्या जागा. मला ती इमारत अर्धवट राहिल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "गच्च्या असतील." ते म्हणाले, "गच्ची उघडी असती. हिला वर छप्पर हाय, दोन बाजूंनी मोकळी हाय. ओसरीच ती."

पुढं बऱ्याच वर्षांनी, या कॅलेंडरच्या नादानं वाचताना, मला ती इमारत पुन्हा भेटली. तिचं नाव कांचनजंगा. वास्तुकार चार्ल्स कोरिया. काम १९७० मध्ये सुरू झालं आणि १९८३ मध्ये पुरं झालं. उंची ८४ मीटर आणि आत फक्त ३२ घरं. जगभरच्या पुस्तकांत तिचं चित्र असतं. आणि ती तशी का, याचं कारण वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. मुंबईत पश्चिमेकडून समुद्र दिसतो आणि वाराही तिकडूनच येतो. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच येतात. मग घराचं तोंड करायचं कुठं? जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती: खोल्यांच्या भोवती व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्यानं सोसायचा, माणसानं आत सुखात राहायचं. कोरियांनी तोच व्हरांडा उचलला आणि आभाळात एकावर एक रचला.

म्हणजे गँगमन असलेल्या माझ्या वडिलांनी चालत्या बसमधून, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी जे ओळखलं होतं, ते मला कळायला निम्मी नोकरी गेली.

अर्थात कांचनजंगा ही श्रीमंतांची. तिथली ओसरी आमच्याच जातीची असली, तरी तिच्या भावात जेऊरची निम्मी शिवारं येतील. पण त्याच कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात साध्या लोकांसाठी बैठी घरं आखली. सात-सात घरांचा एक गट आणि मध्ये आठ बाय आठ मीटरचं सामाईक अंगण. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. का, तर पुढं मुलगा कमावता झाला, सून आली, की ज्यानं त्यानं आपापलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. घर वाढतं हे ज्या वास्तुकाराला माहीत आहे, त्याच्या घरी नक्की माणसं असणार. पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनीच बांधली. तिथं दुर्बिणी आणि कृष्णविवरं यांची चर्चा चालते, पण मधोमध चौकात आहे देवळापुढं असतं तसं कुंड. तिचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांच्यासारखी आकाश मोजणारी माणसंसुद्धा शेवटी चौकातूनच जात-येत होती.

तेव्हा माझ्यापुरता हिशेब जुळला. विचित्र असणं हा इमारतीचा गुन्हा नव्हे. कांचनजंगाही विचित्रच, आणि माझ्यासारख्याला ती अर्धवटसुद्धा वाटली. पण तिचं वेडेपण ऊन-पावसाला विचारून केलेलं आहे. टोपलीचं आणि वितळवणाऱ्या काचेचं वेडेपण नुसतं रस्त्यावरच्या बघ्याला विचारून केलेलं. बघा, इमारतीचा खरा ऑडिट दोनच अधिकारी करतात, एक मे आणि दुसरा जून. त्यांना चहा पाजून भागत नाही.

आणि टिकण्याचं म्हणाल, तर आमच्या उजनी धरणाच्या पाण्याखाली पलीकडच्या अंगाला पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ आहे. १९८० च्या सुमारास धरण भरलं आणि ते बुडालं. पाणी फार ओसरलं की ते वर येतं आणि माणसं होडीनं, चालत दर्शनाला जातात. इतकी वर्षं पाण्यात राहून उभं आहे. ते पाहून आल्यावर आई म्हणाली होती, "ह्याला इचारायचं काम न्हाई, गळतंय का म्हणून!"

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. मागच्या अंगणात स्लॅबच्या दोन खोल्या, कर्ज काढून. पुढचं माळवद आणि ओसरी तशीच. जहाज, गोल खांब आणि निळी काच रद्द. इंजिनिअरसाहेबांनी उसासा टाकला, पण फी तेवढीच घेतली. मे महिन्यात मी आठ दिवस रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा माळवदावर मातीच्या पाट्या चढवल्या आणि वडिलांचं धुम्मस हातात घेतलं. त्याची मूठ एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली होती. वडील डावखुरे होते, हे मी विसरलोच होतो. तिसऱ्या दिवशी पाठ धरली. रजेच्या अर्जावर मी कारण लिहिलं होतं 'घराची दुरुस्ती'. पण वर उभं राहून चोपत असताना, दुरुस्ती नेमकी कुणाची चालली आहे असा एकदोनदा संशय आला.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. रात्री सोलापुरात खिडकीवर थेंब वाजले आणि मी उठून जेऊरला फोन लावला.

"आई, गळतंय का?"

"व्हय थांब, बघती." फोनमधून तिच्या काठीचा आवाज देवघराकडे गेला आणि परत आला. "न्हाई. माळवद कोरडं हाय. तुझ्या बाचा हात लागल्यागत चोपलंस."

मला एकदम काही बोलता येईना. मग विचारायचं म्हणून विचारलं, "आणि नव्या खोलीत?"

"तिथं पातेलं ठिवलंय," आई म्हणाली. "निज आता."